कॉपर रिज डायनासोर ट्रॅक्स, मोॲब (युटा): भर दुपारी जाऊ नका

मोॲबला सगळे आर्चेस नॅशनल पार्कसाठी जातात, आम्ही पण त्यासाठीच गेलेलो, ही डायनासोरच्या ठशांची जागा मधेच सापडली. हायवे 191 ने उत्तरेला साधारण 23 मैल, मग उजवीकडे वळून रेल्वेचे रूळ ओलांडायचे आणि पुढे दोनेक मैल कच्चा रस्ता. कोरडा असेल तर ठीक, पाऊस पडून गेला असेल तर नादच करू नका, गाडी रुतलीच समजा. तिकीट वगैरे काही नाही. चालणं पण अगदीच थोडं, मोठा ट्रेक करायचा म्हणून आलात तर हिरमोड होईल.

आम्ही गेलो दुपारी एक वाजता. सावली औषधालाही नाही, आणि खडकावर नुसते उथळ खळगे. बायको म्हणाली, यासाठी एवढी धूळ खाल्ली? आता कळतंय की ऊन डोक्यावर असलं की ठशात सावलीच पडत नाही, मग दिसणार काय कप्पाळ! संध्याकाळी मी हट्टाने एकटाच परत गेलो, ऊन तिरकं झालेलं आणि तेच खळगे असे उठून दिसायला लागले की मी खालीच बसलो.

15 कोटी वर्षांपूर्वी इथे नदीकाठची ओली वाळू होती. तिच्यातून एक लांब मानेचा सॉरोपॉड डायनासोर सरळ चालत आलाय आणि मधेच झपकन उजवीकडे वळलाय. का वळला देव जाणे, पण अशी वळलेली वाट फार क्वचित सापडते म्हणे. बाजूलाच तीन बोटांचे मांसाहारी डायनासोरचे ठसे आहेत, त्यातल्या एकाचं एक पाऊल लांब, एक आखूड, परत लांब, परत आखूड, म्हणजे गडी लंगडत होता असा अंदाज आहे. माझ्यासाठी इथेच पैसे वसूल, म्हणजे पैसे दिलेच नव्हते म्हणा.

जवळच मिल कॅन्यनला 200 च्या वर ठसे आहेत, प्रकारही जास्त. लहान मुलं असतील तर तिकडे जा. मला मात्र हेच आवडलं. पाणी भरपूर न्या, ठशांवर पाय देऊ नका आणि साचा काढायचा मोह आवरा, त्याला बंदी आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायकोला उठवून नेलं, वाटभर कुरकुर चालू होती, आणि तिथे पोचल्यावर अर्धा तास त्या लंगड्याच्या ठशांच्या कडेकडेने तशीच लंगडत चालून बघत होती.