टीपी-लिंक ईआर६०५ : घरच्या कॉम्प्युटरला बॅकअप नेट, वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी मुद्द्याचं सांगते. घरून काम करत असाल आणि बॅकअप नेट घ्यायचं असेल तर दोनच गोष्टी बघा, दुसरं नेट घरात वेगळ्या वाटेने आलं पाहिजे आणि पहिलं गेलं की दुसरं आपोआप चालू झालं पाहिजे, कॉल सोडून कोणाला उठायला लागलं तर तो कसला बॅकअप. ह्यातलं दुसरं काम ईआर६०५, म्हणजे दोन नेट एकदम जोडता येणारा वायरवाला राउटर, फार चोख करतो. मला हा डबा मनापासून आवडलाय.

पहिल्या गोष्टीबद्दल थोडं सांगते कारण तिथेच लोकांचे पैसे वाया जातात. आमच्या सांगलीत फायबर येते ती खांबावरून खांबावर लोंबकळत. पावसाळ्यात फांदी पडली, जेसीबीने रस्ता उकरला, उसाची उंच भरलेली ट्रॉली गल्लीतून गेली, की तुटली. आणि केबलवाल्या दादांचा माणूस येऊन स्प्लायसिंग (तुटलेली टोकं जोडणं) करेपर्यंत संध्याकाळ होते. शेजारीपाजारी काय करतात, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर घेतात, पण दोन्ही वायरी त्याच खांबावरून येतात, फांदी पडली की दोन्ही एकदमच जातात. त्यामुळे मेन लाइन फायबर असेल तर बॅकअप सिमवरचाच घ्या. सिम कुठल्या कंपनीचं, ते मित्राला विचारून ठरवू नका, ज्या खिडकीत ४जी राउटर (सिम घालायचा छोटा राउटर) ठेवणार तिथे उभं राहून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर स्पीड टेस्ट करा, संध्याकाळी आठनंतर करा कारण तेव्हा टॉवरवर खरी गर्दी असते.

आता, नुसता फोन युएसबीने जोडून चालत नाही का? चालतं. ॲन्ड्रॉइडच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या खाली युएसबी टेदरिंग चालू केलं की विंडोजला ते दुसऱ्या लॅन कार्डासारखं दिसतं आणि महिन्यातून एखाद्या वेळी लागत असेल तर एवढंच पुरे, हा डबा घेऊच नका. पण गोची अशी आहे की दोन्ही जोडलेलं असताना विंडोज एकाला पसंती देतं, आणि फायबर तुटते ती बाहेर रस्त्यावर, घरातल्या राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर धडधाकटच असते. कॉम्प्युटरला वाटतं लाइन चालू आहे, तो तिकडेच डेटा ढकलत राहतो. मग तुम्ही हाताने ती वायर काढा, मग फोनवरून नेट येणार. शिवाय फोन खिशात घालून कोणी बाजारात गेलं की बॅकअपही बाजारात गेला.

ईआर६०५ ला पाच गिगाबिट पोर्ट आहेत, पहिलं कायम वॅन (म्हणजे बाहेरचं नेट लावायचं पोर्ट), आणि बाकीच्यातलं एखादं सेटिंगमधून दुसरं वॅन करता येतं. ओएनटीची (फायबर घरात जिथे लागते त्या कंपनीच्या यंत्राची) वायर पहिल्यात, ४जी राउटरची दुसऱ्यात, कॉम्प्युटर पुढच्या पोर्टात, झालं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकायचं, युजरनेम पासवर्ड स्वतः बनवायचा, वॅन मोडमध्ये दुसऱ्या वॅनवर टिक करायची, डबा रीस्टार्ट होतो. इथे एक गोष्ट आधीच करून ठेवा. बऱ्याच ओएनटी आणि बरेच ४जी राउटर दोघंही आपला पत्ता १९२.१६८.१.१ च ठेवतात, दोन्ही वॅनवर एकच नंबराची रांग आली की भांडण होतं, म्हणून ४जी राउटरमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी करून टाका. नव्या आवृत्तीला युएसबी पोर्टही आहे, डोंगल लावायला, पण मी वेगळा ४जी राउटरच सुचवेन कारण तो रेंज असेल त्या खिडकीत ठेवता येतो, डोंगल डब्यालाच चिकटून बसतो.

मग लिंक बॅकअप. प्रायमरी वॅन फायबर, बॅकअप वॅन सिम, मोड फेलओव्हर. आणि त्याहून महत्त्वाचं ते ऑनलाइन डिटेक्शन, ह्याच्यासाठीच तर पैसे मोजायचे. हा डबा वायर जोडलेली आहे का एवढंच बघत नाही, बाहेरचा एखादा पत्ता पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघून) आणि डीएनएसला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) विचारून नेट खरंच चालू आहे का ते सारखं तपासत राहतो. मी ते मॅन्युअल करून ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता दिलाय.

टेस्ट मात्र नीट करा. लॅनची वायर उपसून बघणं म्हणजे टेस्ट नाही. ओएनटीच्या मागची हिरव्या टोकाची बारीक फायबर हळूच काढा (वाकवू नका, टोकात डोळा घालून बघू नका), लॉसचा (एलओएस, म्हणजे सिग्नल गेल्याचा) दिवा लाल होईल. त्याआधी कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पिंग ८.८.८.८ -टी लावून ठेवा. आमच्याकडे आधी एकआकडी मिलिसेकंद येत होते, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउटच्या ओळी लागल्या, आणि मग पुन्हा रिप्लाय चालू, फक्त आकडा चाळिशीच्या पुढे गेलेला. तेवढ्यात मीटिंग गोठते आणि परत जोडली जाते, समोरच्याला वाटतं तुमचा आवाज जरा अडखळला. ऑफिसचा व्हीपीएन मात्र तुटतो, आयपी (नेटवरचा आपला पत्ता) बदलतो ना, तो परत लावायला लागतो, बँकेच्या साइटवर असाल तर पुन्हा लॉगिन.

आता जे कोणी सांगत नाही ते. कॉम्प्युटरला लाइन बदललेली कळतच नाही, त्याच्यासाठी वायर तीच. त्यामुळे विंडोज अपडेट, फोटोंचं सिंक, मुलाच्या गेमचं डाउनलोड सगळं निवांत सिमवरून ओढलं जातं. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर तो दुपारच्या आतच संपतो आणि मग ६४ केबीपीएसवर मेलसुद्धा उघडत नाही. ह्यावर उपाय डब्यातच आहे, पॉलिसी राउटिंग, म्हणजे कुठल्या यंत्राने कुठल्या लाइनने जायचं ते ठरवून देणं. आमच्या सासूबाईंचा टीव्ही आणि मुलाचं गेमिंग मशीन मी ओन्ली मोडमध्ये फायबरलाच बांधून टाकलंय, फायबर गेली की त्यांचं नेट बंद, सिमचा सगळा डेटा माझ्या कॉम्प्युटरला. सासूबाईंना आधी विचारून केलं, त्या म्हणाल्या तुझं काम आधी, मालिका काय रात्री परत लागते.

लाइट गेली तर? महावितरणचं शटडाउन असलं की डबा, ओएनटी, ४जी राउटर तिन्ही एकदम बंद, मग दोन नेट असून काय उपयोग. मिनी युपीएस घ्याच, पण प्रत्येक ॲडॅप्टरवर छापलेलं व्होल्टेज वाचून घ्या, तिन्हींचं एकच असेल असं धरून चालू नका.

उण्या बाजू सांगायच्या तर ह्यात वायफाय नाही. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (नुसता वायफाय देण्यापुरता) मागे लावायला लागतो, म्हणजे टेबलाखाली आणखी एक डबा आणि आणखी एक प्लग. सेटिंगची पानं नेटवर्किंगवाल्यांसाठी बनवलेली आहेत, नवख्या माणसाला पहिल्यांदा गरगरतं, घरात कोणी जाणकार असेल तर त्याला एक दुपार बसवा. आणि घरातला कॅमेरा पोर्ट फॉरवर्ड करून बाहेरून बघत असाल तर सिमवर असताना तो दिसणार नाही, मोबाइलचं नेट सीजीनॅटच्या मागे असतं (एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नाही), त्यात ह्या डब्याचा दोष नाही.

कॉल तुटला की पगारावर येतं अशा माणसाने बिनधास्त घ्या, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. घेतल्यावर सिमची व्हॅलिडिटी संपायची तारीख तेवढी फोनमध्ये रिमाइंडरला लावून ठेवा, २८ दिवसांचा रिचार्ज कधी संपतो ते कळत नाही.