बुडालेल्या जहाजाची यादी विकत घेतली, १८० युरो गेले

लाज वाटतेय लिहायला पण लिहिते, कारण आपल्यातल्या बऱ्याच मुली जर्मनीत लग्न करून आल्यात आणि सासरच्यांचं कूळ शोधायचं खूळ कधी ना कधी डोक्यात शिरतंच.

मी ब्रेमेनला राहते. सासूबाई नेहमी सांगायच्या की त्यांच्या आजोबांच्या आजोबांचा धाकटा भाऊ १८५४ ला अमेरिकेला निघाला तो परत कुणाला दिसलाच नाही, "योहाने" जहाजावर होता म्हणे. हे शिडाचं जहाज, नवंकोरं, पहिलीच फेरी, नोव्हेंबरच्या सुरवातीला ब्रेमरहाफनहून (ब्रेमेनचंच बंदर) न्यूयॉर्कला निघालं आणि चारच दिवसांत वादळात सापडून श्पीकरओग बेटाच्या वाळूत रुतून फुटलं. जहाजावर २०० च्या वर माणसं, बायका पोरं सगळी, त्यातली ७० च्या वर गेली. बेटावर तेव्हा बचावाची होडीच नव्हती, लोक किनाऱ्यावर उभं राहून बघत होते नुसते. (इथली समुद्रातल्या बचावाची संस्था निघाली १८६५ ला, असल्याच अपघातांनंतर.)

तर सासूबाईंची पंचाहत्तरी होती, म्हटलं त्या पोराचं नाव असलेला कागद फ्रेम करून देऊ. शोधताना एक जण भेटला, स्वतःला वंशावळ संशोधक म्हणवणारा, बोलायला इतका गोड की विचारू नका. म्हणाला ब्रेमेन बंदराची ओरिजिनल प्रवासी यादी आहे माझ्याकडे, आधी ६० युरो, मग "सर्टिफाइड कॉपी"चे १२०. पैसे पाठवताना "मित्राला पाठवतोय" हाच ऑप्शन निवडा म्हणाला, फी वाचते म्हणे. फी वाचली, पण त्या ऑप्शनला खरेदीचं संरक्षण नसतं हे मला नंतर कळलं, नवऱ्याने आधी सांगितलं होतं पण मी ऐकते थोडीच!

कागद आला. पिवळट, वळणदार जुनी अक्षरं, आडनाव बरोब्बर, वय २२, कोपऱ्यात शिक्का. मी तर रडलेच. सासूबाईंनी चष्मा लावला, दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "आपली किल्ली कुठाय गं?"

ब्रेमेनची खूण म्हणजे किल्ली, गटाराच्या झाकणावर पण दिसेल तुम्हाला. आणि या शिक्क्यावर गरुड, खाली "डॉइचेस राइश", म्हणजे जर्मन साम्राज्य. अहो १८५४ ला ब्रेमेन स्वतंत्र शहर होतं, ते राइश झालं १८७१ ला! मग मी पण नीट बघायला लागले तर प्रत्येक h च्या शेपटीला तोच तसाच शाईचा ठिपका, म्हणजे कंप्यूटरचा फाँट. आणि वर छापील मथळा चक्क इंग्रजीत, "डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्क". ही अमेरिकेत उतरताना कप्तानाने कस्टमला द्यायची यादी. जे जहाज पोचलंच नाही त्याची पोचल्याची यादी मी फ्रेमला टाकणार होते.

नंतर ब्रेमेनच्या अर्काइव्हला, म्हणजे जुने कागद जपून ठेवतात तिथे, साधा ईमेल केला, फुकट, उत्तर पण आलं. ब्रेमेनला १८३२ पासून याद्या ठेवायचा नियम होता पण एकोणिसाव्या शतकातल्या त्या याद्याच राहिल्या नाहीत, काही जागा नाही म्हणून फेकल्या, बाकीच्या महायुद्धात गेल्या. उरल्यात त्या बहुतेक १९२० ते १९३९ च्या, आणि त्या ऑनलाइन फुकट बघता येतात. हांबुर्गचं वेगळंय, तिथल्या १८५० ते १९३४ च्या याद्या आहेत आणि त्या निघतानाच्या, त्यामुळे १८५८ ला भर समुद्रात जळालेल्या "ऑस्ट्रिया"सारख्या जहाजावरचा माणूस तिथे सापडू शकतो. म्हणजे ब्रेमेनहून निघून बुडालेलं जहाज असेल आणि कुणी बंदराची ओरिजिनल यादी विकत असेल तर तिथेच फोन ठेवा. दुसरं काही विकत असेल तरी आधी फाइलचा नंबर मागा, इथे त्याला जिग्नाटूर म्हणतात, आणि तो नंबर त्या अर्काइव्हला स्वतः विचारा. मी मागितला असता तर त्याची बोबडीच वळली असती. खरा माग लागला तर मूळ गावच्या चर्चच्या वह्यांत किंवा देश सोडायच्या परवानगीच्या कागदांत लागतो, आम्ही आता तेच चाळतोय, डोळे फुटतात ते अक्षर वाचून.

पोलिसात ऑनलाइन तक्रार केलीय, पैसे परत येतील असं मला वाटत नाही. एप्रिलमध्ये सासूबाईंना घेऊन श्पीकरओगला जाऊन आलो, तिथे त्या बुडालेल्यांची वेगळी दफनभूमी आहे. बोटीत बसलो होतो आणि मोबाइल वाजला, त्याचाच मेल. आणखी ९० युरो भरले तर "वारसांचं पान" पाठवतो म्हणे.