विंडोज ११ घेताना अपग्रेड करायचं की फॉरमॅट मारायचा?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत जुना लॅपटॉपवाला प्रत्येकजण हेच विचारतो, की आहे त्याच्यावरच ११ चढवू की सगळं पुसून नवीन टाकू. दुकानात नेला तर बरेचदा सरळ फॉरमॅट मारूया म्हणतात, त्यांना ते सोपं पडतं, पण आतला डेटा तुमचा आहे, त्यामुळे हे तुम्हीच ठरवा.

माझं मत स्पष्ट आहे. मशीन आज नीट चालत असेल तर अपग्रेडच करा. फाइल्स, प्रोग्राम, सेटिंग सगळं जागच्या जागी राहतं, आणि जुनी विंडोज विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये १० दिवस असते, म्हणजे नाही पटलं तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे येता येतं. क्लीन इन्स्टॉलला, म्हणजे सगळं पुसून नवीन टाकण्याला, असं मागे येणं नाही, पुसलं ते पुसलं. फक्त सी ड्राइव्हमध्ये जागा बघून घ्या, ते जुनं फोल्डर बरेच जीबी खातं.

पण व्हायरस येऊन गेलाय, अपडेट सारखे फेल होतात, निळा स्क्रीन येतो, असं काही असेल तर अपग्रेड करून काय उपयोग, तीच घाण नवीन विंडोजमध्ये येते. तिथे क्लीनच. सेकंडहँड घेतलेल्या मशीनलाही क्लीनच, आधीच्या माणसाने आत काय ठेवलंय कोणाला माहीत. आणि फक्त स्लो आहे म्हणून फॉरमॅट मारणार असाल तर आधी आत जुनी फिरणारी हार्डडिस्क आहे का बघा, असेल तर फॉरमॅटने थोडे दिवस बरं वाटेल आणि परत तेच, त्यापेक्षा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा आणि तिच्यावर क्लीन टाका, खरा फरक तिथे पडतो.

आता खरा घोळ कुठे होतो ते सांगतो, कारण फोटो आणि डॉक्युमेंटचा बॅकअप सगळेच घेतात. फोंड्यात, डिचोलीत जत्रेची पत्रकं, लग्नाच्या पत्रिका करणारे डीटीपीवाले आहेत, त्यांच्याकडे श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात, ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखेच दिसणारे, नाहीत. क्लीन इन्स्टॉलमध्ये ते उडतात आणि फाइल जपून ठेवलेली असूनही उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. म्हणून फॉन्ट वेगळे कॉपी करा आणि सॉफ्टवेअरची सीडी, डोंगल (लायसन्ससाठी यूएसबीला लावायचं ते) हाताशी आहे ना बघा. हिशेबाचं टॅली वापरत असाल तर लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही परत टाकावा लागेल. अपग्रेडमध्ये यातलं बहुतेक काही करावं लागत नाही, म्हणून ऑफिसच्या मशीनला मी आधी तेच सुचवतो.

विंडोजची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, मात्र शोधत बसू नका. १० ॲक्टिव्हेट असेल आणि तीच होम किंवा प्रो एडिशन टाकली तर नेटला जोडल्यावर ११ आपोआप ॲक्टिव्हेट होते, सेटअपने की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जायचं. क्लीनसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

अजून एक, विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्जनपासून क्लीन टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं तर बहुतेक मशीनवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो, म्हणजे आतला डेटा की शिवाय वाचता येत नाही, पुढे कधी दुरुस्तीत रिकव्हरी की मागितली आणि त्या अकाउंटचा पासवर्ड विसरलात तर डेटा गेलाच समजा. अपग्रेडमध्ये हे आपसूक चालू होत नाही.

हे सगळं टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि साधारण इंटेल आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर असेल तरच, त्याच्या आधीच्या मशीनला अपग्रेड अधिकृतपणे मिळतच नाही.

आणि काहीही करा, पावसात करत असाल तर डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा, लॅपटॉप चार्ज करून चार्जर लावूनच ठेवा, आपल्याकडे जूनमध्ये वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि इन्स्टॉल अर्ध्यावर बंद पडलं तर अपग्रेड करायला बसलेल्यालाही शेवटी क्लीनच करावं लागू शकतं.