लिली की कोई? परसातलं तळं खणण्याआधी

तळं भरून आठवडासुद्धा झाला नव्हता. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले तर लिलीची कुंडी आडवी, कंद मुळांसकट पाण्यावर तरंगतोय आणि पाणी पार गढूळ. त्या गढुळातून वीतभर लांबीचे तीन कोई मासे निवांत फिरत होते. एकाच्या तोंडातून पांढरं मूळ दोऱ्यासारखं लोंबत होतं. कंद पुन्हा लावला, वर मुठीएवढे दगड रचले. दोन दिवसांत त्यांनी दगडही बाजूला सारले.

परसात तळं करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: वर फुललेल्या लिली आणि खालून सरकणारे लाल-पांढरे कोई. प्रत्यक्षात ही दोन निरनिराळी तळी आहेत. एक झाडांचं, ज्यात चार-सहा गोल्डफिश सुखाने राहतात. दुसरं कोईंचं, ज्यात झाड जवळजवळ नसतंच. मी दोन्ही सांभाळली आहेत, आणि खड्डा खणायच्या आधी हा फरक कुणी सांगितला असता तर बरीच माती वाचली असती.

आधी माशांबद्दल. बोटभर लांबीची पिल्लं एकाच टाकीत ठेवली तर गोल्डफिश कोणता आणि कोई कोणता, हे नवख्याला सांगता येत नाही. तोंडाकडे बघायचं. कोईच्या ओठांपाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, गोल्डफिशला एकही नसते. लिलीची वाट लावतात त्या या मिशाच. कोई म्हणजे रंगीत कार्प, आणि कार्प मिशांनी तळ चाचपतो, चिखल तोंडात ओढतो, खाण्याजोगं ठेवून बाकीचं थुंकतो. तो खोडसाळपणा करत नाही, जेवत असतो. गोल्डफिशही कोवळी पानं कुरतडतो, पण कुंडी उलटवण्याएवढी ताकद त्याच्यात नसते.

दुसरा फरक वाढीचा. एकेरी शेपटीचा साधा गोल्डफिश तळ्यात २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत जातो. कोई ६० सेंटीमीटर सहज गाठतो आणि नीट सांभाळला तर २५-३० वर्षं जगतो. आणताना १० सेंटीमीटरचा असलेला मासा ६० चा झाला, तर लांबी सहापट होते पण वजन साधारण दोनशेपट. खाणं आणि घाण वजनाच्या मागे जातात, लांबीच्या नाही. पहिल्या वर्षी आरशासारखं स्वच्छ असणारं तळं तिसऱ्या वर्षी अचानक हाताबाहेर का जातं, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

म्हणून पाण्याचा हिशेबही वेगळा. झाडं आणि मोजके गोल्डफिश यांना १,००० लिटर आणि ६० सेंटीमीटर खोली पुरते. कोईंसाठी ४,००० लिटर ही सुरुवात, खोली किमान सव्वा मीटर, आणि मोठ्या झालेल्या प्रत्येक माशामागे १,००० लिटर असा ढोबळ नियम. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्ड्यात ९,००० लिटर मावतं, पण भिंती सरळ असतील तरच. उतार आणि पायऱ्या केल्या की त्यातलं बरंच कमी होतं. झाडांच्या तळ्याला कुंड्या ठेवायला त्याच पायऱ्या लागतात. कोईंच्या तळ्यात त्या बगळ्याला उभं राहायला सोयीच्या, एवढाच त्यांचा उपयोग.

पाणी वाहतं हवं की संथ, इथेही दोघांचं जमत नाही. लिलीला संथ पाणी लागतं. पानांवर सतत तुषार पडले की ती खंगते. कोईंना धबधबा, हवेचे बुडबुडे, फिरतं पाणी, सगळं हवं.

आता फिल्टर. निर्णय खरं तर इथे होतो, रंगावर नाही.

मासा आपली घाण विष्ठेतून टाकतो असं आपल्याला वाटतं, पण अमोनियाचा मोठा भाग कल्ल्यांवाटे थेट पाण्यात जातो, म्हणजे जाळीने काढता येईल असं त्यात काही नसतं. त्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमधल्या जाळ्यांवर आणि प्लॅस्टिकच्या चकत्यांवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते आठ आठवडे जातात. तोवर मासे कमी, खाणं कमी, आणि हातात थेंबांची टेस्ट किट. अमोनियाचा विषारीपणाही स्थिर नसतो: पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याचा घातक हिस्सा सुमारे दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो.

झाडांच्या तळ्यात हे काम वाटलं जातं. झाडं अमोनिया आणि नायट्रेट खातात, मासे कमी असतात, छोटा पंप आणि स्पंजची पेटी यावर भागतं. निम्मा पृष्ठभाग पानांखाली गेला की ऊन अडतं आणि हिरवं पाणीही आटोक्यात राहतं. वर्षातून एकदा कुंड्या बाहेर काढून कंद विभागायचे, कुजकी पानं काढत राहायची. त्यात मजा आहे, पण हात कोपरापर्यंत चिखलात जातात.

कोईंच्या तळ्यात झाडं नाहीत, त्यामुळे सगळा भार यंत्रांवर. सगळं पाणी दर एक-दोन तासांनी फिल्टरमधून जायला हवं, दिवसरात्र. तळाच्या मधोमध ड्रेन, तिथून गाळ बसवणारी टाकी किंवा ड्रम फिल्टर (फिरत्या जाळीने गाळ गाळणारा), मग जिवाणूंची टाकी, मग पंप. हा तळाचा ड्रेन लायनर, म्हणजे पाणी अडवणारा कागद, पसरण्याआधी किंवा काँक्रीट ओतण्याआधी बसवावा लागतो. नंतर सुचला तर तळं रिकामं करण्यावाचून गत्यंतर नाही. तळाशी खडे, वाळू काही नको. छान दिसतात, पण त्यांच्याखाली गाळ साचून सडतो. आणि फिल्टर धुताना नळाचं पाणी वापरायचं नाही. क्लोरीनने जिवाणूंची वस्ती साफ होते, आणि आपण फिल्टर चकाचक केला या समाधानात पुढचा आठवडा माशांचे हाल.

पाणी निवळायला लावतात त्या यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या, दिव्याबद्दल एक गैरसमज इथेच मोडते. तो पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ मारतो, भिंतीला चिकटलेल्या लांब केसाळ शेवाळाला त्याने ढिम्म काही होत नाही. अमोनियालाही नाही. काचेसारखं पाणी विषारी असू शकतं.

केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, हा कंटाळवाणा विषय वाटतो, पण कोई पाळणाऱ्याला तो पाठ असावा लागतो. फिल्टरचे जिवाणू काम करताना कार्बोनेट खर्च करतात. पाऊस पडला की त्यात मृदू पाणी मिसळून ते आणखी विरळ होतं. ते संपलं की पीएच एका रात्रीत कोसळतो. खाण्याचा सोडा थोडा थोडा विरघळवून घातला की केएच सावरतो. झाडांच्या तळ्यात मासे मोजके असल्याने हा खर्च सावकाश होतो.

प्राणवायू दोन्हीकडे पहाटे सर्वांत कमी असतो, कारणं मात्र निराळी. रात्री झाडं आणि शेवाळही श्वास घेतात, म्हणून गच्च भरलेल्या लिलीच्या तळ्यात उजाडताना मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतात. कोईंच्या तळ्यात कारण बहुधा बंद पडलेला पंप. उन्हाळ्यात ते जास्त जिवावर बेततं, कारण ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना नऊच्या वर. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप कोईवाल्याकडे हवाच. गोल्डफिशवाल्याची एखादी रात्र त्याविना निघून जाते.

आजारपणात दोन तळ्यांचा फरक सगळ्यात जास्त टोचतो. मासे भिंतीला अंग घासू लागले की परजीवींचा संशय घ्यायचा. मिठाने अनेकदा काम होतं: ०.३ टक्के म्हणजे १,००० लिटरला ३ किलो, आधी बादलीत विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून. कोईंच्या मोकळ्या तळ्यात हे सोपं. लिलीच्या तळ्यात तेच मीठ मुळांना बाधतं, म्हणून मासे पकडून वेगळ्या टबात घ्यावे लागतात. देठांच्या जंगलात गोल्डफिश पकडून बघा, अर्धा दिवस कुठे गेला कळत नाही. फिल्टरमध्ये झिओलाइट, म्हणजे अमोनिया शोषणारे खनिजाचे खडे, असेल तर मीठ घालण्याआधी ते बाहेर काढायचं. नाहीतर त्याने धरून ठेवलेला अमोनिया पाण्यात परत येतो.

‘दोन्ही मासे एकत्र ठेवू का?’ असं विचारणाऱ्यांसाठी: कॉमेट किंवा शुबंकिन हे एकेरी शेपटीचे गोल्डफिश कोईंबरोबर निभावतात, गुबगुबीत फॅन्सी गोल्डफिश उपाशी राहतात. पण खरी भीती कोई हर्पिस विषाणूची, म्हणजे केएचव्हीची. तो कोईंचं तळं रिकामं करू शकतो आणि त्यावर औषध नाही. गोल्डफिश स्वतः आजारी न पडता तो वाहून आणू शकतो. त्यामुळे नवा मासा कोणताही असो, तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, कोमट पाण्यात. विषाणू थंड पाण्यात दडून राहतो, म्हणून कोमट.

माझे सर्वांत जास्त मासे मात्र विषाणूने मेले नाहीत, माझ्या विसराळूपणाने मेले. आठवड्याचं दहा टक्के पाणी बदलताना नळाची पाइप तळ्यात सोडली, फोन आला, आणि तीन तासांनी आठवलं. क्लोरीनने कल्ले भाजले होते. क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचा डबा कपाटात होता, तळ्याकाठी नव्हता. दोन कोई वाचले. आता पाणी भरताना खुर्ची टाकून बसते, फोन घरात.

इतकं सगळं असून कोई का पाळावेत? कारण ते वरून बघण्यासाठीच घडवलेले मासे आहेत. जपानच्या निइगाता भागातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात काळपट कार्पमधले रंगीत निवडत निवडत ही जात घडवली. पांढऱ्यावर लाल तो कोहाकू, त्यात काळे ठिपके आले की सांके, काळ्या अंगावर लाल-पांढरं असेल तर शोवा. शिवाय पाळणाऱ्याला ते ओळखायला लागतात, हातातून खातात, आणि मोठ्या कोईच्या मऊ, दात नसलेल्या ओठांनी बोट चोखलं की मीठ, केएच सगळं विसरायला होतं. दात त्यांना असतात, पण घशात.

लिलीचं तळं असं लाडात येत नाही. ते चतुर आणतं, बेडूक आणतं, आणि तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तरी फारसं बिनसत नाही. एकच वैताग म्हणजे पिल्लं. गोल्डफिश भरभर वाढतात आणि जास्तीचे कुठे द्यायचे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. नदी-तलावात सोडणं हे उत्तर नाही. तिथे गोल्डफिश आणि कार्प दोघेही स्थानिक माशांच्या मुळावर येतात.

मधला मार्ग आहे, मी शेवटी तोच धरला. कोईंच्या तळ्यालगत खड्यांनी भरलेला उथळ वाफा, त्यात वेखंड आणि पाणकणीस. गाळ वगळलेलं पाणी पंपाने वाफ्याच्या तळातून वर येतं आणि झाडांच्या मुळांतून झिरपत तळ्यात परततं. माशांना तिथे शिरता येत नाही. त्याने मुख्य फिल्टर रद्द होत नाही, नायट्रेट मात्र कमी राहतं. लिली वेगळ्या टबात आहे, चार गोल्डफिशसोबत.

रविवारचा तासभर गाळ सोडण्यात, पाणी तपासण्यात आणि फिल्टर खंगाळण्यात जाणार, हे वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर लिलीकडे जा. उलट त्या तासाची आताच गंमत वाटत असेल तर कोई. आणि अजून ठरत नसेल तर खड्डा कोईंच्या मापाचा खणा, तळाचा ड्रेन बसवूनच घ्या. लिलीच्या कुंड्या विटांच्या चवडीवर उंच ठेवता येतात, गोल्डफिशना जास्त पाणी कधी नडत नाही. उथळ तळ्यात मात्र नंतर कोई मावत नाहीत.