चिऱ्याचा गडगा, वर माणग्याच्या काठ्या: एक पावसाळा काढल्यानंतर

मांद्र्याच्या घराच्या बागेला दिवाळीनंतर नवं कुंपण घातलं. आता चवथही (गणेशचतुर्थी) झाली. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तो अंगावर घेतल्याशिवाय इथल्या कुंपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

खाली चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा गडगा: तीन थर, गुडघाभर उंच. त्यावर माणगा या बांबूच्या उभ्या काठ्या छातीपर्यंत, मध्ये दोन बोटं फट. गिलावा नाही, रंग नाही. आईला सगळी भिंतच हवी होती, "गुरां शिरतात मरे" म्हणून. पण उंच भिंतीआड वारा कोंडतो, आणि रस्त्यावरून अबोली, जास्वंद दिसणार नसेल तर बाग कशाला करायची? गुरं अजून तरी शिरलेली नाहीत. माकडांना कशानेच फरक पडत नाही, तो विषय सोडा. रस्त्याकडेच्या भिंतीची उंची किती, बंद भाग किती, याला नियम आहेत. पंचायतीत आधी विचारून घ्या.

खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, वारा लागत गेला की कडक होतो. पावसात त्यावर हिरवं शेवाळ धरलं आणि गडगा एकदम जुना वाटायला लागला. मला तेच हवं होतं. वरच्या थराला गवंड्याकडून सिमेंटचा उतार करून घेतला, त्यामुळे पाणी साचत नाही.

खरी परीक्षा माणग्याची होती. हा बांबू जवळजवळ भरीव, म्हणून कुंपणाला बरा. तरी भुंगा लागतोच, कारण आतलं पिष्ट त्याला हवं असतं. पावसाळ्यात तोडलेला तर लवकरच पोखरला जातो. आमच्याकडचे जाणते अमावास्येला तोडायला सांगतात. आम्ही थंडीत तोडलेला घेतला आणि काजूच्या टरफलाचं तेल दोनदा लावलं. हातमोजे घालाच, कातडीला लागलं तर फोड येतात. काठ्यांचे बुंधे चिऱ्याला टेकवले नाहीत. गडग्यात बसवलेल्या लोखंडी पट्टीला बांधून खाली बोटभर जागा सोडली. टोकं पेराच्या जरा वर कापली, म्हणजे पाणी आत उतरत नाही. भर पावसातही बुंधा कुजला नाही. पश्चिमेच्या काठ्यांचा रंग उन्हाने राखाडी झालाय, पुढल्या उन्हाळ्यात परत तेल लावावं लागेल.

बांधणीला वरून काथ्या दिसतो, पण पकड आतल्या स्टीलच्या तारेची आहे. काथ्या ऑगस्टात कुजून लोंबायला लागला. दर वर्षी बदलायची तयारी असेल तरच घ्या. दिसतो मात्र फार छान.

मागच्या बाजूला खर्च नको म्हणून गॅल्व्हनाइज्ड जाळी मारली. नुसती जाळी रुक्षच. तिच्यावर कृष्णकमळ सोडलंय, आता ती दिसतसुद्धा नाही. बोगनवेल टाळली, तिचं वजन आणि काटे दोन्ही जाळीला झेपत नाहीत.

तक्रार एकच, फाटकाची. पावडर कोटिंगचं, नक्षीदार, "बिलकुल गंजणार नाही" असं सांगून दिलेलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने वेल्डिंगच्या सांध्यांवर पापुद्रे सुटले आणि खाली तांबूस ओघळ आले. किनाऱ्यापासून आत फोंड्याकडे कदाचित चालेलही. इथे पुढचं फाटक लाकडी करणार, फणसाचं मिळालं तर उत्तम.