धामणीचं हाती घडवलेलं धनुष्य: १४ महिने आणि एक दुरुस्ती

गेल्या वर्षी मे महिन्यात हे धनुष्य घेतलं. ६६ इंची, अखंड धामणीच्या लाकडाचं. ना फायबर, ना बांबूची पट्टी. धामणीला संस्कृतात धनुर्वृक्ष म्हणतात. कुऱ्हाडीचे दांडे, टांग्याच्या दांड्या याच लाकडाच्या करतात, कारण धक्का सोसून ते पुन्हा सरळ होतं. हा गुण हाताला कळतो. बाण सुटल्यावर मुठीत झिणझिण्या जवळपास येत नाहीत.

त्रास सुरू झाला पावसाळ्यात. नवं असताना २८ इंचांवर ओढ, म्हणजे दोरी तितकी खेचायला लागणारा जोर, १९ किलो होती (बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावून मोजतो). जुलैअखेर ती १७.२ वर आली. हवेतला ओलावा पिऊन लाकूड मऊ पडतं, हे माहीत असूनही मी रोज शंभर बाण मारत राहिलो. दोरी उतरवल्यावरही पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, दोन इंच आत झुकलेली राहू लागली. सप्टेंबरात वरच्या पात्याच्या पाठीवर (लक्ष्याकडच्या बाजूला), मुठीपासून वीतभर अंतरावर, चार सेंटिमीटरची कपची उचलली. तिथे लाकडाची रेषा पाठीला समांतर न जाता तिरकी बाहेर निघाली होती. घेतानाच हे बघायला हवं होतं, तुम्ही तरी बघा.

कपची उपटली नाही. आधी तीन आठवडे धनुष्य दोरी न लावता घरात आडवं ठेवून सुकवलं; ओल्यावर चिकटवलं तर लाकूड आकसताना तीच फट पुन्हा ताणली जाते. मग पातळ सुपरग्लू फटीत मुरू दिला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी रात्रभर आवळून ठेवलं आणि वर सहा सेंटिमीटर रेशमी दोरा गुंडाळून तोही ग्लूने भिजवला. खरं कष्टाचं काम त्यापुढचं. खालचं पातं वरच्यापेक्षा ताठ होतं, म्हणजे वाकण्याचा सगळा भार वरच्यावर पडत होता. काचेच्या तुकड्याने खालच्या पात्याचं पोट (नेम धरणाऱ्याकडची बाजू) थोडं थोडं खरवडलं. चार-पाच फराटे, मग तीस वेळा अर्धवट ओढायचं, मग पुन्हा बघायचं. पाठीला हत्यार अजिबात लावलं नाही. शेवटी जवसाचं तेल.

वेग मोजायला फोन पुरला. बाणाच्या टोकापासून लक्ष्य १८ मीटर, फोन बरोबर मध्ये, म्हणजे दोरीचा आणि बाण लागल्याचा आवाज सारख्याच उशिराने नोंदतो. २६ ग्रॅमचा बाण, दहा नेमांची सरासरी. नवं असताना वेळ ०.४३ सेकंद होती, आता ०.४५; म्हणजे सेकंदाला ४२ मीटरवरून ४०. ओढ १७.५ किलोवर स्थिरावली आहे. दीड किलो गेला, पण बाण फारसा मंदावला नाही, आणि पाती सारखी वाकू लागल्यापासून सहा बाणांचा ताटाएवढा पसारा ताटलीएवढा झाला. मला हा सौदा मान्य आहे.

स्पर्धेसाठी हे घेऊ नका. पण लाकूड समजून घ्यायची आवड असेल तर जरूर घ्या. दोरी डॅक्रॉनचीच (किंचित ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) लावा, न ताणणाऱ्या नव्या दोऱ्यांचा झटका टोकांच्या खाचांना सोसत नाही. बाण न लावता रिकामी दोरी ओढून कधीही सोडू नका.

यंदा पहिल्या पावसालाच दोरी उतरवली. आता आठवड्यातून दोनदा, वीस-वीस बाण. दोरी चढवण्याआधी पाठीवरून कापसाचा बोळा फिरवतो. एखादा तंतू कुठे अडकला तर त्या दिवशी नेम नाही. अजून अडकलेला नाही.