सांताक्रूझच्या शाळा, पण मुंबईच्या नव्हे

जमैकात नोकरी मिळालीय, मुलांच्या शाळेचं कसं, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सेंट एलिझाबेथ परगण्यात सांताक्रूझच्या जरा आत आम्ही दोन वर्षं काढली. माती कोकणासारखी लालभडक. युनिफॉर्मचे पांढरे मोजे पहिल्याच दिवशी कामातून गेले.

लेक चार वर्षांची, म्हणून बेसिक स्कूल, म्हणजे आपल्याकडची बालवाडी. चर्चचा हॉल, मध्ये प्लायवूड लावून केलेले दोन वर्ग. दिसायला काही नाही, पण सगळ्यांत आवडली ती हीच. पहिल्या दिवशी मी आत शिरले आणि थेट फी विचारली. बाई नुसत्या बघत राहिल्या. मग डोक्यात प्रकाश पडला, आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं असतं! महिन्याभरात लेक घरी गॅसवाल्यालाही त्यावरून अडवायला लागली. मुलं पॅटवा ही तिथली बोली बोलत येतात, बाई त्यांना हळूच इंग्रजीत आणतात, ओरडा नाही की काही नाही. जुलै 2024 च्या बेरिल वादळात हॉलचे पत्रे उडाले, तर सप्टेंबरात ताडपत्रीखाली वर्ग भरले.

प्रायमरी सहावीपर्यंत. शिकवणं बरं, पण शेवटी पेपची परीक्षा. जीसॅट ही जुनी परीक्षा बंद करून 2019 पासून ही आणली. पुढे कुठलं हायस्कूल मिळणार ते तिच्यावर ठरतं. शेजारणीच्या अकरा वर्षांच्या पोरासाठी घरात आपल्याकडच्या दहावीसारखा टीव्ही बंद! मला हे अजिबात पटलं नाही. अर्थात सगळ्यांची नजर माल्व्हर्नच्या डोंगरावर असते. तिथे मुलांचं मन्रो 1856 चं, मुलींचं हॅम्प्टन 1858 चं, दोन्हीकडे वसतिगृह.

हायस्कूलची सक्तीची फी सरकारने 2016 मध्ये बंद केली. टॅक्सीभाडं कोण बंद करणार? आमच्या घरमालकीणबाईंची मुलगी खालच्या गावातल्या हायस्कूलला जायची. मुलांचं भाडं कमी, म्हणून टॅक्सीवाले आधी मोठी माणसं भरणार आणि ही पावसात फाट्यावर उभी. जागा मिळालीच तर प्रोबॉक्स गाडीच्या मागच्या सीटवर चौघांच्या मांडीवर दप्तरं. शाळा चांगली, पण पहिला तास निम्म्या वेळा बुडलेला. त्यामुळे घर बघताना शाळेचं अंतर मोजू नका, टॅक्सी जिथून सुटते त्या स्टँडजवळ घ्या.

अकरावीच्या शेवटी सीसेक, म्हणजे हायस्कूलची विषयवार बोर्डाची परीक्षा. ऑगस्टात निकाल लागला की दुकानात, चर्चमध्ये एकच प्रश्न, 'किती सब्जेक्ट?' घरमालकीणबाईंच्या मुलीचे सहा विषय सुटले, गणित राहिलं. जानेवारीत पुन्हा बसणार आहे. तिचा पहिला तास गणिताचाच असायचा.